अकरा दिवसांचा चुडा

आज दुपारी माझ्या हातांत चुडा भरला. लग्न परवा आहे. रात्रीचे साडेबारा वाजून गेलेत, बाहेरच्या खोलीत मावश्या आणि माम्या ओळीने आडव्या झाल्या आहेत आणि मी ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून हे लिहितेय. टाइप करताना बांगड्या टेबलाच्या कडेला लागतात, म्हणून मनगटांखाली पंचा घडी करून ठेवलाय.

मी डब्लिनमध्ये एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. चार वर्षं झाली. लग्न ठरलं मे महिन्यात, आणि तेव्हापासून ही सगळी तयारी मी फोनवरून केली. हॉल आधी घेतला, कारण तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्त नाहीत आणि त्यानंतरच्या तारखांवर सगळं ठाणं टपून बसलेलं असतं. मला दुपारी एकला जेवणाची सुट्टी मिळते. उन्हाळ्यात तेव्हा इकडे साडेपाच वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आयर्लंडमधली घड्याळं तासभर मागे घेतात, की अंतर साडेपाच तासांचं होतं आणि माझं एक म्हणजे आईची दिवेलागण. तिने देवाजवळ निरांजन लावायचं आणि लगेच मला फोन लावायचा, हे मग ठरूनच गेलं. पत्रिकेतला मजकूर, जेवणात जिलबी की मठ्ठा-जिलबी दोन्ही, विहीणबाईंचा मानपान, सगळं त्या अर्ध्या तासात.

पैठणीही अशीच घेतली. आई आणि मावशी गोखले रोडवरच्या दुकानात आणि मी स्टाफरूममध्ये डबा उघडून. फोनवर रंग खरा दिसत नाही हे मला तेव्हा नीट कळलं. आई म्हणत होती डाळिंबी, मला दिसत होता राणी. शेवटी दुकानदारकाकांनी पदर स्वतःच्या खांद्यावर टाकला, दुकानाच्या दाराशी उजेडात जाऊन उभे राहिले, आणि मग पदर उलटा करून दाखवला. हातमागाच्या पैठणीचा पदर मागून पुढून सारखाच दिसतो, मागे धागे लोंबत नाहीत. मुनिया, म्हणजे काठावरचे ते हिरवे पोपट, उलट्या बाजूनेही तितकेच रेखीव होते. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्या साडीपेक्षा माझ्या मनात राहिलेत ते भर गर्दीच्या वेळी गिऱ्हाइकं सोडून दारात उभे राहिलेले काका.

ब्लाउजचं मात्र चुकलं. मापं मी माझ्याच हाताने घेऊन पाठवली होती. स्वतःच्या पाठीचं माप स्वतः घेता येत नाही, हे आई दोनदा सांगत होती. आल्यावर घालून पाहिलं तर दंडात रुतत होतं, हात वर होईना. मला रडूच कोसळलं, कारण लग्नाला नऊ दिवस उरले होते. शिंपीमामांनी चष्मा कपाळावर सरकवला, शिवण उलटी केली आणि म्हणाले, "रडतेस कशाला? दीड इंच माया ठेवलीय आत." शिवणीत जास्तीचं जे कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात, हा शब्द लहानपणापासून कानावर होता. त्या दिवशी दुकानात उभी असताना तो मला पहिल्यांदा नीट ऐकू आला.

केळवणं किती झाली ते मोजलं नाही. पहिलं मात्र डब्लिनमध्ये झालं, लुकनला राहणाऱ्या एका कोल्हापूरच्या मैत्रिणीकडे. तिने आदल्या रात्री तीन तास उभं राहून बासुंदी आटवली. तिकडचं दूध दाट, चांगलं आटतं. लाकडी जमिनीवर ताटाभोवती रांगोळी घातली, पाटाऐवजी योगाची चटई चौघडी करून ठेवली, आणि औक्षणाला आमच्या वॉर्डवरची केरळची नर्ससुद्धा उभी राहिली. तिला मी सगळं समजावत होते, तर ती म्हणाली, आधी जेव. इथे आल्यावर मग रोज कोणाकडे तरी. चरईतल्या काकूंनी अळूचं फदफदं केलं, कारण मी चौथीत असताना त्यांच्याकडे तीनदा वाढून घेतलं होतं म्हणे. मला आठवत नाही. त्यांना आठवतं. लग्नाच्या तयारीत मी केळवण कधी धरलंच नव्हतं. यादीत ते नव्हतंच, आणि आता मला वाटतं की माझी खरी तयारी त्याच पंगतींनी करून घेतली.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण परदेशात असलेल्या मुली विचारतात. नवरा नेरूळचा, नोकरीही इकडेच, त्याचा व्हिसा लग्नानंतरच करता येणार. त्यासाठी महापालिकेत विवाहनोंदणी लागते. अर्जावर तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही हवी, तेव्हा ती लग्नाच्या दिवशीच मागून घ्या. नंतर गुरुजी सापडत नाहीत. मग दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात दाखला खरा मानला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, करून घ्यायचं. त्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार भारतात 2005 पासून लागू आहे, त्यामुळे आयर्लंडसारख्या देशात तो शिक्का चालतो. या सगळ्याला वेळ लागणार, आणि माझी रजा संपते. म्हणजे परत मी एकटीच जाणार.

आणि तिथे चुड्याचा प्रश्न आला.

आमच्याकडे वॉर्डवर कोपराच्या खाली हात मोकळे लागतात. घड्याळ नाही, बांगडी नाही, लांब बाह्या नाहीत. एक साधी अंगठी तेवढी चालते. जंतू एका पेशंटकडून दुसऱ्याकडे हातांवाटेच जातात आणि मनगट नीट धुतलं गेलं पाहिजे, म्हणून हा नियम. मला तो मनापासून पटतो. कंबरेचं हाड मोडलेल्या ऐंशी वर्षांच्या आजींना मी दोन्ही हातांनी धरून पहिल्यांदा उभं करते, तेव्हा त्यांच्या कातडीला काच लागलेली मलाच चालणार नाही. आणि तरी मला चुडा हवा होता. आईच्या हातात पाहिलेला, आजीच्या हातात पाहिलेला हिरवा चुडा. हे दोन्ही मला हवंय असं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

जांभळी नाक्याच्या बाजूने कासारीणबाई घरी आल्या. आधी दोन बांगड्या देवापुढे ठेवल्या. मग त्यांनी माझा उजवा हात मांडीवर घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "सव्वादोन." बांगडीचं माप इंचात आणि इंचाच्या सोळाव्या भागात मोजतात. सव्वादोन म्हणजे दोन-चार, त्याच्यापुढचं दोन-सहा. आईला सव्वादोनच हव्या होत्या. नवरीचा चुडा मनगटाशी भरलेला दिसला पाहिजे, घरंगळता नको. आणि एकदा भरला की आपणहून काढायचा नाही.

मी म्हटलं, "मला दोन-सहा भरा. अकरा दिवसांनी माझी ड्युटी आहे. रोज सकाळी काढायच्या आणि रोज घरी आल्यावर घालायच्या, अशा भरा."

कोणी बोललं नाही. कासारीणबाई आईकडे बघत होत्या. आजी कोपऱ्यात खुर्चीवर होती. तिने विचारलं, "किती वाजता असते ड्युटी?"

"आठला."

"मग सातला देवासमोर बसून काढत जा. घाईत ओढू नकोस, वाढवशील." आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. आजीने ब्याऐंशी वर्षांत 'फुटली' हा शब्द तोंडातून काढलेला नाही.

आई थोड्या वेळाने म्हणाली, "भरा."

कासारीणबाईंनी माझी चारही बोटं आणि अंगठा एकत्र मिटवून घेतला. "हात सैल सोड. तू धरू नकोस, मी धरते." दिवसभर मी पेशंटना हेच सांगते, हेच शब्द. सगळा हात त्यांच्या हातात सोडून दिला आणि बांगडी अंगठ्याच्या हाडावरून कधी सरकली ते कळलंही नाही. एकेक करून दोन्ही हात भरले. मग मी वाकून त्यांना नमस्कार केला आणि आईने त्यांची खणा-नारळाने ओटी भरली.

मघाशी, सगळे झोपल्यावर, आई इथे आली. हातात स्टीलचा डबा होता, ज्यात मी शाळेत पोळी-भाजी न्यायचे तो. आत तिच्या जुन्या सुती साडीची पट्टी गोल गुंडाळून बसवलेली, बांगड्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून. म्हणाली, प्रवासातही काढाव्या लागल्या तर यात ठेव. आणि हा डबा हँडबॅगेत ठेवायचा, मोठ्या बॅगेत नाही, हे तिने मला दोनदा बजावलं.