मागच्या सीटवरून मनाली ते लेह

बाईकवरच्या प्रवासाचं लिहिणारे सगळे पुढच्या सीटवरचे. टायर कुठला, इंजिन किती सीसीचं, लिटरमागे किती पळाली. मागे कोण होतं ते 'सोबत बायको होती' एवढ्यावर आटपतं. तर मी ती बायको.

नवऱ्याला मित्रांनी पन्नाशीनंतर भरीस घातलं आणि तीन जोडपी, तीन बाईक असा तांडा मनालीहून निघाला. बाईक तिथूनच भाड्याने घेतलेल्या. घेताना तिघांनी ब्रेक पाहिले, चेन पाहिली, हॉर्नसुद्धा वाजवून पाहिला. मागे बसून कुणी पाहिलं नाही. पाठीशी लोखंडी कॅरियर, त्यावर बांधलेली सॅक आणि त्या सॅकचं बक्कल नेमकं माझ्या मणक्यावर. सोलंगपर्यंत मी सोसलं, मग ओढणीची घडी करून मध्ये खुपसली. ती लेहपर्यंत तिथेच होती.

अटल बोगदा नऊ किलोमीटरचा. २०२० साली तो सुरू झाला आणि मनालीचा सगळा बाजार पलीकडे लाहौलात सांडला. सिस्सूला उतरले तर गाड्यांच्या रांगा, कर्कश गाणी, मॅगीचे ठेले. मी लगेच परत बाईकवर बसले. टांडीला चंद्रा आणि भागा एकत्र येतात, तीच पुढे चिनाब. पण आमच्या मंडळींना संगमाशी देणंघेणं नव्हतं. 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' अशी तिथल्या पेट्रोलपंपावर पाटी आहे, तिच्यासमोर फोटोसाठी गर्दी. जिस्पाला मुक्काम केला, नदीच्या आवाजात छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाला बजावत होता की नऊच्या आत निघा. रात्री वरचं बर्फ गोठतं म्हणून सकाळी नाल्यांना पाणी कमी असतं. ऊन चढलं की ते वितळतं आणि दुपारनंतर नाला कुणाला ऐकत नाही. आमच्यातल्या एकाची क्लचवायर तुटली. ती बसवून, चहा पिऊन, पुन्हा फोटो काढून निघेपर्यंत बारा वाजले.

झिंगझिंगबारच्या पुढे रस्ता एकाएकी संपला. म्हणजे रस्ता होता, पण त्याच्यावरून पाणी धावत होतं. अलीकडे दहा-बारा बाईक थांबलेल्या. प्रत्येक जण बाईक पाण्यात घालायचा, पलीकडचे लोक ओरडून हिंमत द्यायचे, मोबाईल रोखलेले, बाहेर पडला की टाळ्या. आणि प्रत्येक बाईकच्या आधी तेच एक वाक्य, कधी हिंदीत, कधी पंजाबीत, आमच्यात मराठीत : "अगं, तू उतर आणि चालत ये."

उतरलो. बूट गळ्यात अडकवून आम्ही तिघी काठावर उभ्या. पाण्यात पाय घातला आणि घोट्यापासून वर काही आहे की नाही तेच कळेना. मी अर्थातच दगडावरून दगडावर जायला बघत होते. तिथे रस्त्याचं काम करणारे बीआरओचे, म्हणजे सीमेकडचे रस्ते बांधणाऱ्या सरकारी संघटनेचे, मजूर होते, त्यातला एक पोरगेलासा गमबूट घालून सरळ पाण्यात आला. म्हणाला, "दीदी, पत्थर पे नहीं. पत्थर घूमता है. पानी में रखो पैर." दगड खरंच फिरत होते, पायाखाली गडगडल्याचं जाणवायचं. त्याने हात धरला नाही, स्वतःचं फावडं आडवं पुढे केलं आणि दांडा धरायला सांगितला. फावड्याला डांबर चिकटलेलं होतं. मध्यावर पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा तो थांबला, मला श्वास घेऊ दिला, मग पुढे. आम्हा तिघींना त्याने असंच आणलं.

गाव कुठलं विचारलं, तर दुमका. झारखंडातून दरवर्षी माणसं इथल्या नि लडाखच्या रस्त्यांवर कामाला येतात. 'किती महिने?' विचारेपर्यंत मागून कुणीतरी हाक मारली आणि तो परत पाण्यात गेला. एक बाईक आडवी झाली होती.

त्यानंतर सूरज ताल आला. एवढं निळं पाणी! मी खांद्याला हलवून नवऱ्याला सांगत होते, तो ओरडला, "हलू नकोस!" त्याने ते तळं पाहिलंच नाही. बारालाचा ला ही खिंड सोळा हजार फुटांवर, तिथे मला फक्त डोकेदुखी मिळाली.

भरतपूरच्या पॅराशूटच्या तंबूत शिरलो तेव्हा दात वाजत होते. तंबूवालीने काही न विचारता माझे मोजे ओढून काढले आणि स्टोव्हवरच्या तारेवर टाकले. चहा मागितला तर म्हणाली, आधी गरम पाणी. मग दोन रजया अंगावर फेकल्या. रजयांना रॉकेलचा वास होता, पण त्या क्षणी पंचतारांकित हॉटेलवर मी थुंकले असते. बाई दारचाच्या बाजूची, थंडीत कुल्लूला उतरते. शेजारी आमचे वीर नाल्याच्या गोष्टी सांगत होते. पहिल्या चहाला घोट्याइतकं असलेलं पाणी तिसऱ्या चहाला कमरेला लागलं.

सरचूच्या तंबूत झोप अशी लागलीच नाही, चौदा हजार फुटांवर कुणाला लागते? गाटा लूप्सची एकवीस वळणं मी डोळे मिटून काढली. मोरे मैदानावर मात्र रस्ता सरळसोट. तिथे पहिल्यांदा पाठ दुखायची थांबली. लेहला पोचल्यावर कळलं की मनालीच्या भाड्याच्या बाईक पँगाँग-नुब्राला चालत नाहीत, स्थानिक बाईकच घ्यावी लागते. म्हणजे दुहेरी भाडं. नवरा चडफडला. मी त्या दिवशी टॅक्सी केली आणि चुकून एकदाही मागे वळून बघितलं नाही.

नाल्याचा व्हिडिओ त्याने स्टेटसला ठेवला. त्यात आम्ही तिघी नाही, तो फावडेवाला मुलगा नाही. नणंदेने लगेच लिहिलं, "दादा, भारीच! वहिनी कुठाय?" मी तिला फोन लावला आणि तासभर सांगितलं कुठाय ते.