वरचं पाणी

मी बायबलचा जुना करार शिकवतो. पोटापाण्याचं काम हेच, आठवडाभर थिऑलॉजीच्या पोरांना हिब्रू आणि महिन्यातनं एखाद्या शनिवारी बाहेरगावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाऊन तिथले वडीलधारे, संडे स्कूलचे टीचर, महिला मंडळाच्या बायका यांचा वर्ग घ्यायचा. असे वर्ग पुष्कळ झाले, त्यातले बरेचसे आता आठवतही नाहीत, पण २०१९ च्या ऑक्टोबरमधला सांगलीकडचा तो एक शनिवार मी जन्मात विसरणार नाही.

वेळापत्रक जूनमध्येच ठरलेलं. ऑक्टोबरचा विषय उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय, त्यातला दुसरा दिवस, म्हणजे देव अंतराळ करतो आणि अंतराळावरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं करतो तो भाग. जूनमध्ये हा नुसता एक धडा होता. मग ऑगस्ट आला, कृष्णा आणि वारणा दोन्ही फुगल्या, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, जिथं धोक्याची पातळीच ४५ फूट आहे, आणि मला जायचं होतं ते नदीकाठचं गाव कितीतरी दिवस पाण्यात होतं. एसटीत बसून वही उघडली आणि माझ्याच अक्षरात वर "वरचं पाणी, खालचं पाणी" लिहिलेलं दिसलं तसा पोटात गोळा आला. या लोकांसमोर जाऊन मी पाण्यावर काय बोलणार. विषय बदलू का म्हणून पाळकसाहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "नको सर, लोकं अध्याय वाचून बसलीत, आहे तेच घ्या."

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या भिंतीवरची रेघ दिसली. फळ्याच्या वरच्या कडेच्याही वीतभर वर, चारी भिंतींना एकसारखी, गवंड्यानं लेव्हल लावून मारावी तशी. रेघेखाली मातकट, वर जुना पांढरा चुना. दिव्यांची बटणं रेघेच्या बरीच खाली, त्यांच्या फटीत गाळ वाळून बसलेला. बाकं फुगून वाकडी झाली होती म्हणून सगळे सतरंजीवर बसलेले, वीसबावीस माणसं. पहिल्या रांगेत साठीच्या पुढच्या एक मावशी, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं शास्त्र, म्हणजे बायबल.

वाचन सुरू करायचं तर मावशींचं शास्त्र उघडेना. आपल्याकडच्या शास्त्राच्या पानांच्या कडा लाल रंगवलेल्या असतात ना, तो रंग पाण्यानं आत उतरला होता आणि प्रत्येक पानाला बोटभर गुलाबी काठ आला होता. उन्हात वाळवल्यामुळे पानं पापडासारखी कडक आणि वेडीवाकडी, आणि सुरुवातीची आठदहा पानं तर पुठ्ठ्याला चिकटून एकच थर झालेली. एका पोरीनं कंपासपेटीतली स्टीलची पट्टी दिली, मी खाली बसलो आणि पट्टी सरकवत सरकवत एकेक पान सोडवत गेलो, सगळा वर्ग गप्प बसून बघत होता. उत्पत्ती मोकळं झालं पण पहिल्या अध्यायाच्या दोनतीन ओळी समोरच्या पानाला चिकटून तिकडंच राहिल्या, उलट्या. मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या सर, त्येवढं पाठ हाय मला."

मग मी माझा नेहमीचा धडा सुरू केला. आधी शब्द. मराठी शास्त्रात 'अंतराळ' आहे आणि अंतराळ म्हटलं की आपल्याला इस्रो आठवतं, रॉकेट आठवतं, मोकळी पोकळी डोळ्यासमोर येते. हिब्रूत तिथं 'राकीआ' आहे आणि तो शब्द ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ ठोकून ठोकून पातळ पसरवणं. निर्गम या पुस्तकाच्या ३९ व्या अध्यायात याजकाच्या एफोदासाठी, म्हणजे त्याच्या खास वस्त्रासाठी, सोनं ठोकून पत्रे करतात आणि त्याच्या तारा कापतात, तिथं तेच क्रियापद आहे. ज्यानं पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम बघितलंय त्याला हे लगेच कळेल, हातोडीची ठकठक चालू असते आणि तांब्याचा पत्रा पसरत जातो आणि पसरता पसरता घट्टही होत जातो. ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी 'स्टेरेओमा' म्हटलं म्हणजे टणक केलेली वस्तू, लॅटिनमध्ये 'फर्मामेंटुम' झालं, आणि ईयोबच्या ३७ व्या अध्यायात तर आकाश ओतीव आरशासारखं भक्कम म्हटलंय, त्या काळी आरसे धातूचेच असायचे. त्यामुळे लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर काहीतरी घट्ट होतं असं माझं स्पष्ट मत आहे, हवा नव्हे, ढग नव्हे. धर्मसुधारक कॅल्विननं सोळाव्या शतकात वरचं पाणी म्हणजे ढग असं सांगून टाकलं, पण मजकुराला ते पुरत नाही, कारण सूर्यचंद्रसुद्धा राकीआमध्येच बसवलेत आणि पाणी त्याच्याही वर आहे.

फळ्यावर चित्र काढलं. खाली सपाट जमीन, तिच्याखाली पाणी, वर उपडी पाटी ठेवावी तसं आकाश, आकाशाच्या वर परत पाणी. आणि त्या पाटीत छोटी छोटी दारं, कारण नोहाच्या जलप्रलयाच्या वेळी, सातव्या अध्यायात, महासागराचे झरे फुटतात आणि आकाशाची दारं उघडतात, हिब्रूत 'अरुब्बोत', झरोके. हे चित्र मी किती वर्षं काढत आलोय आणि दर वेळी म्हणतो की ही त्या जुन्या लोकांची समजूत होती, आपण आता वेगळं जाणतो, आणि पुढं जातो.

त्या दिवशी मागनं आवाज आला, "सर, ही तर कोयना झाली की."

शेतकरी माणूस, पन्नाशीचा. तो तिथनंच बोलायला लागला, की वर १०५ टीएमसी पाणी अडवून ठेवलंय, त्याला सहा दरवाजे हायत, आमी हितं खाली झोपतो, पावसाळ्यात रोज उठून मोबाईलवर आधी हेच बघतो की दरवाजे किती फुटांनी उचलले आणि किती क्युसेक सोडलं. कोणी हसलं नाही. एका बाईनं त्याला तोडलं, "नुसत्या धरणाचं काय घिऊन बसलाय, आभाळालाच भोक पडलं हुतं की." दुसरी म्हणाली, "भोक कसलं, फाटलंच." आणि मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. आभाळाला भोक पडलं, आभाळ फाटलं, फाटलेल्या आभाळाला ठिगळ कुठं कुठं लावणार, हे आपण उठता बसता म्हणतो आणि हे सगळं राकीआच आहे, वर काहीतरी ताणून धरलेलं आहे म्हणूनच ते फाटतं. ज्याला मी जुन्या लोकांची समजूत म्हणत होतो ती माझ्याच भाषेत बसली होती आणि समोरची माणसं तर चक्क त्या चित्राच्या आत राहत होती, वर अडवलेलं पाणी, मध्ये दारं, खाली घर.

तेवढ्यात डिप्लोमा झालेला एक पोरगा उठला. त्यानं यूट्यूबवर बघितलं होतं की सृष्टीच्या सुरुवातीला पृथ्वीभोवती वाफेचं जाड आवरण होतं, तेच वरचं पाणी, आणि नोहाच्या वेळी ते सगळं खाली पडलं. मला हे माहीत होतं, १९६१ साली अमेरिकेत व्हिटकम्ब आणि मॉरिस या दोघांनी जलप्रलयावर पुस्तक लिहिलं तेव्हापासनं ही कल्पना खूप पसरली. त्याला म्हटलं, बाळा, आज सगळ्या वातावरणात जेवढी वाफ आहे ती सगळीच्या सगळी एकदम खाली पाडली तर पृथ्वीवर सरासरी २५ मिलिमीटरच्या आसपास पाणी होईल, एवढा पाऊस तुमच्याकडं ऑगस्टमध्ये एकेका सरीत पडलाय. आणि डोंगर बुडतील इतकी वाफ वर ठेवायची तर तिच्या दाबानं आणि उष्णतेनं खाली काही जगणार नाही. पण माझं खरं म्हणणं विज्ञानाचं नव्हतंच. शास्त्राला विज्ञानाच्या पेपरात पास करायला निघालं की शास्त्र काय सांगतंय ते ऐकायचं राहून जातं, हे मला मनापासून वाटतं आणि तेच मी त्याला सांगत होतो, तर मावशी मध्ये बोलल्या.

"पन सर, आमाला पण असंच सांगितलं हुतं की. वरचं सगळं पाणी नोहाच्या टायमाला सांडून संपलं म्हनून. मग ह्या वर्षी आलं ते कुठलं? वरचं पाणी अजून शिल्लक हाय का न्हाई?"

माझ्या वहीत याचं उत्तर नव्हतं. म्हणजे पुस्तकी उत्तर होतं, पण मावशी ज्या आवाजात विचारत होत्या तिथं ते चाललं नसतं. त्यांचं घर गेलं होतं, हे मला पाळकसाहेबांनी आधीच सांगितलं होतं. मी स्तोत्र १४८ काढायला लावलं, चौथं वचन. तिथं आकाशावरच्या पाण्याला हाक मारलीय, परमेश्वराची स्तुती कर म्हणून. जलप्रलयाच्या कितीतरी नंतरचं हे स्तोत्र आणि वरचं पाणी तिथं आहेच, सूर्य, चंद्र, तारे यांच्या बरोबर हजेरीपटात आहे, पुढं गारा, बर्फ, वावटळ, राजे, म्हातारे, पोरं सगळ्यांची नावं येतात. संपलं असतं तर हाक कशाला मारली असती. "आहे मावशी, अजून आहे," एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, "बरं झालं खरं सांगितलासा."

मग बाबेलची, म्हणजे बॅबिलोनची, गोष्ट सांगितली, कारण तिच्याशिवाय दुसरा दिवस कळत नाही. निनवे शहराच्या ढिगाऱ्यातनं मातीच्या पाट्या निघाल्या, १८७६ साली जॉर्ज स्मिथनं त्या इंग्रजीत छापल्या, त्यात बाबेलवाल्यांचं सृष्टिकाव्य आहे. त्यात तियामत नावाची समुद्रदेवी आहे, मार्दुक हा त्यांचा देव तिला मारतो आणि वाळवायच्या माशासारखी मधनं चिरतो, अर्ध्या भागाचं आकाश करतो, अडसर घालतो आणि तिथं पहारेकरी बसवतो की हिचं पाणी बाहेर येऊ देऊ नका. उत्पत्तीच्या दुसऱ्या वचनात जो खोल सागर आहे त्याला हिब्रूत 'तहोम' म्हणतात, तियामतच्या जवळचाच शब्द. यरुशलेम पडल्यावर इस्राएली लोक बाबेलला नेले गेले, डोंगराळ, पाण्याला महाग अशा मुलखातली माणसं एकदम दोन मोठ्या नद्यांच्या सपाटीवर, आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते हा अध्याय त्याच काळात आकाराला आला. पाण्याची भीती तिथंही होती, दोन्हीकडं पाणी चिरून वर आणि खाली केलंय. पण उत्पत्तीत मारामारी नाही, प्रेत नाही, पहारेकरीही नाहीत. पाणी कोणी देवी नाही आणि देवाचा वैरीही नाही. देव बोलतो आणि पाणी बाजूला होतं. परक्या मुलखात, दुसऱ्याच्या देवांच्या सावलीत बसून कोणीतरी हे लिहिलं, मला तो फार मोठा धीर वाटतो.

नंतर मी एक गोष्ट करायला लावली जी नेहमी करतो, की पूर्ण अध्याय वाचा आणि 'चांगले आहे' कुठं कुठं येतं त्यावर बोट ठेवा. सात वेळा येतं. पहिल्या दिवशी आहे, तिसऱ्या दिवशी तर दोनदा आहे. दुसऱ्या दिवशी नाहीच. ज्या दिवशी देवानं पाणी वेगळं केलं त्या दिवशी देवानं चांगलं म्हटलेलं नाही. ग्रीक भाषांतर करणाऱ्यांना ते खटकलं असणार, त्यांच्या मजकुरात दुसऱ्या दिवशीही ते वाक्य आलंय, पण हिब्रूत जागा रिकामीच आहे. का असेल, असं विचारलं. थिऑलॉजीची पोरं या प्रश्नावर साधारण पाच मिनिटं डोकं खाजवतात आणि मग मी सांगतो.

मावशींना पाच सेकंद लागले नाहीत. "आर्ध्या कामाला कोन चांगलं म्हनंल?" त्या म्हणाल्या. "वरचं पाणी वर ग्येलं, खालचं तसंच हाय की अजून. जमीन कुठं दिसतीया?" आणि मग माझ्याकडं न बघता शेजारच्या बाईकडं बघून, "पाऊस थांबला तवा सगळी म्हनाय लागली थांबला थांबला. आमी शाळंच्या गच्चीवर. नुसतं थांबून काय, घर पाण्यातच. रोज बगायचं. मग एका सकाळी आमचा ओटा दिसला. त्येची कड, येवढीशी. तवा म्हनलं चांगलं झालं. त्येच्या आधी कुनीच न्हाई म्हनलं."

कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी देव म्हणतो, कोरडी जमीन दिसो. 'दिसो' आहे तिथं, हे मी हजारदा वाचलंय, जमीन नव्यानं घडवत नाहीत, ती पाण्यातनं दिसायला लागते. आणि त्याच्यानंतरच परत 'चांगले आहे' येतं. मावशींनी शेजारणीला हातानं कड दाखवली होती ना, अंगठा आणि बोट यांच्यात इंचभर जागा ठेवून, तो हात त्यांनी बराच वेळ तसाच धरला होता.

मग मी त्यांना रशीबद्दल सांगितलं. रब्बी श्लोमो यित्झाकी, ज्यू लोकांचे सगळ्यात नावाजलेले भाष्यकार, फ्रान्समधल्या त्रॉय गावचे, १०४० ते ११०५ हा त्यांचा काळ. त्यांनी या जागेवर लिहून ठेवलंय की दुसऱ्या दिवशी 'चांगले' नाही कारण पाण्याचं काम तिसऱ्या दिवसापर्यंत पुरं झालं नव्हतं, आणि अपुऱ्या कामाला चांगलं म्हणत नाहीत, म्हणून तिसऱ्या दिवशी ते दोनदा आलंय, एकदा पाण्याचं काम पुरं झालं म्हणून आणि एकदा त्या दिवसाच्या कामासाठी. म्हटलं मावशी, तुम्ही आत्ता जे बोललात ते नऊशे वर्षांपूर्वी या माणसानं लिहिलंय.

मावशींनी शास्त्र मिटलं, पानं परत चिकटू नयेत म्हणून मध्ये पेपरचा कागद घातला, टॉवेल गुंडाळला आणि विचारलं, "त्येंच्या गावाला पण पूर यायचा का ओ?"

"गाव नदीकाठचंच आहे मावशी. सेन नदी."

"मग," त्या म्हणाल्या, "ठावंच असनार की त्येला."