खोडलेलं ‘मले’

नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या रविवारच्या लेखनवर्गाला आज नववीतल्या अकरा मुली आल्या होत्या. विषय दिला: घरात बोलता न आलेली एक गोष्ट. कागदावर नाव टाकायचं नाही, वाचून दाखवायची सक्ती नाही.

सगळ्या लिहायला लागल्या, एक मात्र नुसती खोडत होती. जवळ जाऊन बसले. खोडरबरानं कागद पार पातळ झालेला. खाली पुसट दिसत होतं, ‘मले’. त्यावर गिरवलं होतं, ‘मला’.

“काऊन खोडलं?”

“ताई, शाळेत लाल गोल करतात ना.”

प्रमाण मराठी यायलाच हवी, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण मनातलं पहिलं वाक्यच पुसायला लागलं, तर पोरगी पुढचं लिहील कशी? मला फार वाईट वाटलं.

मग त्यांना मुक्ता साळवेबद्दल सांगितलं. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी, जेमतेम चौदा वर्षांची. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापून आला होता.

“चौदा? म्हणजे माझ्याएवढी?” तीच खोडणारी मुलगी बोलली.

नवा कागद मागून घेतला तिनं. वीस मिनिटं मान वर केली नाही. वर्ग संपत आला तेव्हा स्वतःहून उभी राहिली. हात थरथरत होते. “मले पुढं शिकाचं हाय. पण घरी मले कोणी इचारतच नाई...”

कूलरच्या घरघरीत आवाज नीट येईना. मागच्या एकीनं उठून गुपचूप कूलर बंद केला.