अपडेट ७ : उंबरा राहून गेला

मागच्या वेळी इथे छाती फुगवून लिहिलं होतं की कोंबड्यांच्या कुंपणाखालून उकरू न देणारा जाळीचा घागरा पूर्ण झाला, आता शेजारच्या काकांच्या रॉकी कुत्र्याचं खातं बंद. ते शब्द परत घेतो. रविवारी दुपारी सव्वाचारला रॉकी रनच्या, म्हणजे कोंबड्यांच्या जाळीबंद अंगणाच्या, आत होता. दोन कडकनाथ तलंगा (कोवळ्या कोंबड्या) गेल्या, ठमी कोंबडीच्या पाठीवर तळहाताएवढं कातडं उचकटलं, आणि सरदार कोंबडा सध्या शेपटीविना फिरतोय. स्वतःच्या सावलीकडेही बघत नाही बिचारा.

सगळ्यात जास्त डाचतंय ते हे, की मी घरातच होतो. चहा घेत होतो. सरदारचं ‘कटाक-कटाक-कटाऽऽक’ कानावर आलंही, आणि मला वाटलं कुणीतरी अंडं घातलं. कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाचा हा घोळ कधी ना कधी झालेला असणार. घार दिसली की कोंबडा एकच लांब, चिरका आवाज काढतो आणि सगळ्या जागच्या जागी थिजतात, नाहीतर झाडाखाली पळतात. तो आवाज लगेच ओळखू येतो. पण जमिनीवरून कुत्रं-मांजर आलं की जो कटकटाट होतो, तो अंडं घातल्यावरच्या कौतुकासारखाच असतो. फरक वेळेचा. आमच्याकडे अंडी दुपारी एकच्या आत आटोपतात. सव्वाचारला कोण घालणार? हे डोक्यात यायला आणि कप खाली ठेवायला चार मिनिटं लागली. फोनच्या रेकॉर्डिंगवरून मोजलीयत.

रेकॉर्डिंग म्हणजे तोच जुना फुटकी काच असलेला फोन, जो अपडेट ४ नंतर जांभळाच्या फांदीला बांधला होता. तेव्हा मी सगळा दोष मुंगसावर टाकला होता. मुंगसाची जाहीर माफी. मुंगूस मान पकडतं, एखादी नेतं, बारीकशा फटीतून येतं आणि फार पसारा करत नाही. आमच्याकडे पिसं आठ फुटांपर्यंत उडालेली होती, मेलेल्या कोंबड्या तिथेच टाकलेल्या होत्या आणि खाल्लेलं काहीच नव्हतं. ही कुत्र्याची सही आहे. भूक हा मुद्दाच नसतो. पळणारी गोष्ट दिसली की धरायची, हलायची थांबली की सोडून पुढची धरायची. पोटभर जेवून आलेलं पाळीव कुत्रंही हेच करतं.

आता मूळ दुखणं. मे महिन्यात रन उभारला तेव्हा खालून उकरण्याची चाचणी मी स्वतः केली होती. खुरपं घेऊन बसलो आणि दहा मिनिटांत दोन इंच गेलो. पुण्यात किरकटवाडीला आमच्या प्लॉटवर मुरमाची भर आहे. उन्हाळ्यात ती पहारीलाही दाद देत नाही. म्हणून जाळी जमिनीला टेकवली आणि वर आठ मिमीच्या सळयांचे आकडे ठोकले. झालं समाधान. मग जून आला, पाऊस पडला, आणि तोच मुरूम भिजलेल्या गुळासारखा झाला. मेमध्ये पास केलेली परीक्षा जुलैत नापास. नव्याने रन बांधणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: उकरून बघायचं असेल तर दोन बादल्या पाणी ओतून, रात्रभर मुरू देऊन मग बघा.

त्यावरचा उपाय म्हणजे घागरा. पद्धत अपडेट ६ मध्ये आहे, पण मापं द्यायची राहिली होती. रन वीस बाय आठचा. एक आखूड बाजू खुराड्याच्या विटांच्या जोत्याला लागून, म्हणजे उरले ४८ फूट. तीन फूट रुंद, पन्नास फूट लांब वेल्डमेशची (वेल्ड केलेल्या तारांच्या जाळीची) गुंडाळी घेतली. एक फूट रनच्या जाळीवर चढवली आणि दोन फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरून वर माती टाकली. हा उपाय कुत्र्याच्या हट्टावर चालतो. कुत्रं नेहमी जाळी जिथे जमिनीला भिडते अगदी तिथेच उकरतं. नखं आडव्या जाळीला लागली की तिथेच ओरबाडत राहतं. दोन फूट मागे सरून सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. घागरा घातल्याच्या दुसऱ्याच दिवशीचं रेकॉर्डिंग मी निदान पाच वेळा बघितलं असेल. रॉकी येतो, उकरतो, नखं खरवडतात, थांबतो, वास घेतो, पुन्हा उकरतो, मग खाली बसतो आणि जाळीकडे बघत राहतो, बँकेत टोकन हरवलेल्या माणसासारखा. ते अकरा मिनिटांचं सुख होतं. तीन आठवडे टिकलं.

जाळीबद्दल दोन शब्द, कारण विचारणा झाली होती. आधी ऑनलाइन मागवलेली ‘१४ गेज’ जाळीची तार व्हर्नियरने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजल्यावर १.२ मिमी निघाली. म्हणजे ती १८ गेज. १४ गेजची तार दोन मिमीची असते. परत पाठवली. नंतर भवानी पेठेत जाऊन हाताने दाबून, वाकवून घेतली. एकतीस रुपये चौरस फूट, पूर्ण गुंडाळी साडेचार हजारांच्या थोडी वर गेली. टेम्पोवाल्याने वेगळे घेतले. वेल्ड केल्यानंतर जस्त चढवलेली आहे का हे नक्की विचारा. आधी जस्ताची तार घेऊन मग वेल्ड केलेली असेल तर सांध्यासांध्यावर जस्त जळलेलं असतं, आणि पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. आणि षट्कोनी कोंबडीजाळीच्या भरवशावर कुणी असेल तर अपडेट २ पुन्हा वाचा. ती कोंबडी आत ठेवते, कुत्रं बाहेर ठेवत नाही. पांढरे केबल टाय वापरू नका. माझे उन्हाने जूनमध्ये बिस्किटासारखे तुटले. बाइंडिंग वायर आणि पक्कड, बस.

आता रविवार.

४८ फुटांपैकी तीन फूट दाराचे. दार बाहेर उघडतं, आणि घागरा तिथे आणला तर दाराचा तळ जाळीत अडकतो. म्हणून त्या तीन फुटांपुरतं ‘नंतर बघू’ म्हणालो आणि दाराखाली दोन विटा टेकवून ठेवल्या. रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट दिसतंय. रॉकी आधी नेहमीच्या कोपऱ्यावर जातो आणि घागऱ्यावर दोनदा नख मारून सोडून देतो. मग जाळीच्या कडेकडेने, नाक जमिनीला लावून, सगळ्या रनला प्रदक्षिणा घालतो. दारापाशी थांबतो. पंजाने एक वीट बाजूला करतो, मग दुसरी. पुढचं सात मिनिटांत. खड्डा किती, तर नऊ इंच खोल आणि त्याच्या छातीएवढा रुंद. इंचभरही जास्तीचं काम केलेलं नाही. आमच्या घराचं प्लंबिंग करणाऱ्याने इतकी काटकसर दाखवली असती तर बरं झालं असतं.

रात्री हेडटॉर्च लावून जुन्या मोरीतून निघालेली दोन बाय दोनची शहाबादी फरशी दारासमोर आडवी टाकली. सोमवारी आणखी एक शेजारी टाकली. वाटलं, संपला विषय. पण मंगळवारच्या पावसाने फरशीखालची माती बसली आणि फरशी एका बाजूला कलली. खाली बोटभर पोकळी झाली. उंदरांना आयतं घर. शिवाय दाराखालची दोन इंचांची फट तशीच राहिली. कुत्र्याला ती पुरत नाही, पण आत्ताच ज्याची माफी मागितली त्याला पुरते.

मग ठरवलं होतं की दार काढून आत उघडणारं करायचं. तसं करणारही होतो, पण हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय की आत उघडणारं दार तुसात रुतणार. आमच्याकडे सहा इंच भाताचं तूस आहे. रोज दाराशी उकरत बसावं लागेल. आणि दार जर बाहेरच उघडतंय, तर फरशी आडवी कशाला? उभी गाडता येईल की! दाराच्या पट्टीच्या अगदी आतल्या बाजूला, बारा इंच जमिनीत आणि आठ इंच वर. म्हणजे चक्क उंबरा. दार बाहेरून येऊन फरशीला टेकेल, खालची फट आपोआप बंद, तूस बाहेर सांडणार नाही, आणि दार कापायची गरज नाही. कोंबड्या आठ इंच सहज उडी मारतात; त्यांची रात्रीची काठी तीन फुटांवर आहे. मला तेवढं घमेलं उचलून आत न्यावं लागेल. बाहेरच्या आडव्या फरश्या राहू देतो, पण खाली खडी कुटून, मातीच्या पातळीला. म्हणजे त्याला बारा इंचांखाली जायचं तर आधी फरशी उलटावी लागेल. रॉकी पंचवीस किलोचा आहे. फरशी उलटेल असं वाटत नाही, पण विटांबद्दलही मला असंच वाटलं होतं.

तीन फुटांची अखंड फरशी कापून कुठे मिळेल? धायरीतला फरशीवाला एका तुकड्यासाठी मशीन लावायला तयार नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं झटका मशीन घे, असं तिघांनी सुचवलंय. त्याबद्दल माझं मत: यंत्र वाईट नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, साधारण सेकंदाला एक ठोका, व्होल्टेज जास्त पण तो क्षणभरच टिकतो, त्यामुळे चटका बसतो, जीव जात नाही. रानडुकरांसाठी शेतकरी वापरतात ते हेच. पण अर्थिंग पक्कं लागतं आणि कोरड्या मुरमात ते मिळत नाही. म्हणजे पावसाळ्यात झकास आणि मेमध्ये नुसती तार. गवत तारेला टेकलं की जोर उतरतो. आणि संध्याकाळी वाडीतली तीन-चार पोरं अंडी गोळा करायला येतात, म्हणून तूर्त नको. घरातली लाइन थेट तारेला जोडण्याची आयडिया ज्याने मेसेज करून दिली त्याला हात जोडून विनंती, असलं काही करू नका. माणसं मेलीयत त्याने. विष घालण्याबद्दल बोलणाऱ्याशी तर मला बोलायचंच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली तो गुन्हा आहेच, पण ते कलम नसतं तरी काय झालं असतं?

अल्ट्रासॉनिक यंत्र घेतलं होतं, तेही सांगून टाकतो. रॉकी त्याच्याशेजारी झोपतो.

शेजारचे काका सोमवारी पाकीट घेऊन आले. रॉकीची लस, महापालिकेचा परवाना सगळं चोख असतं त्यांचं. ‘मारत नाही हो तो, खेळतो,’ म्हणाले. वादात न पडता चहा दिला. पैसे घेतले नाहीत, म्हणजे नको म्हणालो आणि त्यांनी पाकीट लगेच खिशात ठेवलं. मग विषय अंड्यांवर आला. मी गेलं वर्षभर दर आठवड्याला त्यांना सहा अंडी देतोय, शेजारधर्म म्हणून. काका म्हणाले, ‘चातुर्मासात आम्ही खात नाही. पण वाया जात नाहीत, रोज एक उकडून रॉकीला देतो.’ म्हणजे आषाढीपासून मी कुत्र्याला अंड्यांचा रतीब लावलेला होता! हल्ल्याचं कारण ते नाही, हे मला कळतं. रॉकी पळणाऱ्या कोंबडीमागे लागतो, अंड्यामागे नाही. तरी तुळशीचं लग्न होईपर्यंत रतीब बंद केलाय.

पण त्या गप्पांत एक कळलं, जे मी आठ महिन्यांत एकदाही बघितलं नव्हतं. रॉकी भिंतीवरून येत नाही. काकांच्या गेटच्या खालच्या दोन गजांमधून अंग चोरून येतो. गज सात इंचांवर आहेत. आणि माझ्याकडे घागऱ्यातली पाच फूट वेल्डमेश उरलीय. गेट चार फुटांचं. साडेचार हजार मी माझ्या बाजूला ओतले आणि उरलेल्या तुकड्यात काम झालं असतं! उंबरा तरीही करणारच, कारण गेट उघडं राहिलं की झालं. पण क्रम बदलला. आधी गेट, मग फरशी. आणि हिरवी नेट रनच्या रस्त्याकडच्या बाजूला दोन फुटांपर्यंत, म्हणजे पाय हलताना दिसणार नाहीत.

काकूंनी आधी नाही म्हटलं. ‘गेट खुराड्यासारखं दिसेल.’ काल संध्याकाळी तयार झाल्या. अट एकच, जाळीला गेटचाच चॉकलेटी रंग. डबा त्यांचा, ब्रश माझा.

ठमी न्हाणीघरात खोक्यात आहे. जखमेभोवतीची पिसं कापली, मिठाच्या पाण्याने धुतली, दिवसातून दोनदा बीटाडीन. वेगळी ठेवणं भागच होतं, रक्त दिसलं की बाकीच्या टोचून टोचून जीव घेतात. पावसाळ्यात खरी भीती माशांची, चोवीस तासांत अळ्या दिसतात, म्हणून खोक्यावर जुनी मच्छरदाणी टाकलीय. पहिले दोन दिवस नुसतं गूळपाणी घेतलं, कालपासून मॅश (भरडलेलं खाद्य) खाते. आज सकाळी तिने कवच नसलेलं अंडं टाकलं, पाणी भरलेल्या फुग्यासारखं, आणि त्यानंतर न्हाणीघर दणाणेल असं ओरडली. मी धावत गेलो.