खळ घातलेलं भूत

ऑक्टोबर लागला की आमच्या न्यू जर्सीच्या गल्लीत हॅलोविनसाठी, म्हणजे सोंगं घेतलेली पोरं दारोदार चॉकलेटं मागतात त्या भुताखेतांच्या सणासाठी, अंगणाअंगणात मंडळी अवतरतात. कुणाकडे बारा फुटी सांगाडा, कुणाकडे हवा भरून फुगवलेलं भूत. ही फुगवलेली भुतं रात्री झकास डोलतात, पण दिवसा पंखा बंद केला की गवतावर चिरगुटासारखी लोळत पडतात. मला ते बघवत नाही. भूत म्हटलं की त्याला थोडी तरी अब्रू हवी. म्हणून ते घरी करायचं ठरवलं.

त्यासाठी चीजक्लॉथ लागतं, म्हणजे ज्यात आपण चक्का टांगतो ते विरविरीत कापड. ते खळीत बुडवायचं, पिळायचं आणि बाटलीवर बसवलेल्या फुग्यावर पांघरायचं. फुग्याला आधी तेलाचा हात. बाटलीला तार गुंडाळून दोन बाजूंना वाकवली की हात होतात. रात्रभर वाळू द्यायचं, सकाळी फुगा फोडायचा, तार आणि बाटली अलगद काढून घ्यायची. आत काहीही नसलेलं भूत आपल्या पायांवर उभं राहतं. पायांवर म्हणजे, तसं म्हणायचं.

मी दुकानातून खळीची बाटली आणली होती. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईला ती दिसली. "अगं, पाण्याला कसले पैसे देतेस? मैदा आहे ना घरात?" जन्मभर सुती साड्यांना खळ घातलेली बाई ती. गार पाण्यात मैदा कालवून, गुठळ्या मोडत, मंद आचेवर चकाकी येईपर्यंत तिने अशी खळ शिजवली की आमचं भूत कडक इस्त्रीतल्या पुढाऱ्यासारखं ताठ झालं.

इकडच्या भुताला नुसतं कापड पुरतं, कारण मुळात ते कफनच आहे. इंग्लंडात गरिबाला शवपेटी परवडायची नाही. पांढऱ्या कापडात गुंडाळून पुरायचे. मेलेला परत आला तर त्याच कपड्यात येणार, हे ओघानंच आलं. या समजुतीपायी एका जिवंत माणसाचा जीवही गेला. 1804 च्या जानेवारीत लंडनजवळच्या हॅमरस्मिथमध्ये भुताची आवई उठली होती. थॉमस मिलवुड नावाचा गवंडी आपल्या पांढऱ्या कामाच्या कपड्यांत रात्री बाहेर पडला आणि भूत पकडायला बंदूक घेऊन निघालेल्या एकाने त्याला गोळी घातली. वरून कोट घालत जा, असं घरच्यांनी आधी बजावलंही होतं. मारणाऱ्याला फाशी सुनावली गेली, मग ती वर्षभराच्या सक्तमजुरीवर आली.

आपल्याकडे असल्या गफलतीला वाव कमी. आपल्या भुतांचा सगळा दाखला तयार असतो: मुंज होऊन सोडमुंजेआधी गेला तो मुंजा, मुक्काम पिंपळावर, पाण्यात राहतो तो गिऱ्हा, बाळंतपणात गेली ती हडळ. कोण, कुठला, काय राहून गेलं, सगळं गावाला ठाऊक. आमच्या ह्या कापडाला नावही नाही आणि तक्रारही नाही. म्हणूनच बहुधा लोक त्याला बिनघोर दारात उभं करतात. मुंज्याची सजावट करायची माझी तरी छाती नाही.

आईची हरकत वेगळीच होती. "पाय कुठायत ह्याचे?"

"इकडे नसतात, आई."

"मग उलटे की सुलटे ते कळायचं कसं?" आणि मग तिने नातीला आरवलीच्या वेतोबाची गोष्ट सांगितली. वेंगुर्ल्याजवळचा हा देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक नवसाला भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. भुतांचा राजा वेताळ, तोही अनवाणी हिंडत नाही!

नातीला ते पटलं. तिने आपले जुने बूट आणून भुताखाली ठेवले, टाचा पुढे आणि चवडे दाराकडे. 31 तारखेला संध्याकाळी पोरांची रांग लागली. चॉकलेटं घेऊन निघालेल्या एका छोट्या परीच्या वडलांना ते बूट दिसले. सज्जन माणूस, वाकून त्याने ते नीट सरळ करून ठेवले. तो फाटकाबाहेर पडेपर्यंत आई थांबली आणि मग चॉकलेटांचं टोपलं माझ्या हातात देऊन पुन्हा उलटे करायला गेली.