केबल चॅनेलच्या कॅसेटी उतरवून घेताना

आमचं पुण्यातलं छोटं केबल चॅनेल बंद पडून बरीच वर्षं झाली. मालकांच्या माळ्यावर पडून असलेल्या व्हीएचएस कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं काम मी यंदा पावसाळा सरल्यावर हाती घेतलं. ज्यांच्याकडे अशा कॅसेटी आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहिते आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्यातही दिसू लागलं. पण त्यात आपल्या पेठेतली बातमी कुठून येणार? ती जागा नव्वदच्या दशकात केबलने दिली. आम्ही दिवसभर शूटिंग करायचो, संध्याकाळी दोन व्हीसीआर (कॅसेट चालवायची आणि रेकॉर्ड करायची यंत्रं) जोडून एडिटिंग, आणि तयार कॅसेट स्कूटरवरून कंट्रोल रूमला. तिथला मॉड्युलेटर आमचं चित्र एका ठरलेल्या चॅनेलवर बसवायचा आणि गच्च्यांवरून टाकलेल्या वायरीतून ते घरोघरी जायचं. लांब जाताना सिग्नल कमजोर होतो, म्हणून मध्येमध्ये अँप्लिफायर. ज्या इमारतीतून त्याला वीज मिळायची तिथले दिवे गेले, की पुढच्या सगळ्या घरांचं चित्र गायब! पुण्यात अ‍ॅनालॉग केबल बंद करायची मुदत ३१ मार्च २०१३ होती. त्यानंतर लागणाऱ्या डिजिटल सेट टॉप बॉक्सवर आमच्या चॅनेलला जागा मिळवायचा खर्च आम्हाला पेलणारा नव्हता.

नवी कोरी कॅसेट महाग पडे, म्हणून जुन्या बातम्यांवरच नव्या बातम्या रेकॉर्ड व्हायच्या. आठवड्यापूर्वीचं पुणं रोज पुसलं जात होतं. ज्या कॅसेटींवर कुणीतरी ‘पुसू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली, मुख्यतः त्याच आज शिल्लक आहेत.

व्हीसीआर मिळवणं सगळ्यात अवघड. जगातल्या शेवटच्या कंपनीनेही २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. मला एक जुन्या बाजारात मिळाला. एका जुन्या मेकॅनिककाकांनी त्याचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, साफ करून दिलं. कॅसेटी पाहून ते म्हणाले, “ताई, आधी कॅसेटच्या खिडकीतून बघा. रिळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर ती लावूच नका. हेड खराब होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटींना लागेल.” तशा कॅसेटी मी वेगळ्या डब्यात काढल्या. उरलेल्या आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घेतल्या, म्हणजे चिकटलेली टेप मोकळी होते.

व्हीसीआर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये टाइम बेस करेक्टर लावाच. जुन्या टेपचं चित्र थरथरतं, ते त्याने स्थिर होतं. डीव्ही या डिजिटल व्हिडिओच्या फॉरमॅटमध्ये तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. मूळ फाइल आकसवू नका. पाठवायला लहान प्रत वेगळी करावी. आणि इथे घाई चालत नाही, तीन तासांची कॅसेट तीनच तास घेते.

त्या तासांनी मला खूप दिलं. अलका टॉकीज चौकातली विसर्जन मिरवणूक होती, पण मी थांबले ती एका आजींपाशी. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी घरात कुठवर आलं, हे त्या भिंतीवर हात टेकवून दाखवतात. तो वाडाही आता नाही. मधल्या जाहिरातीसुद्धा मी कापल्या नाहीत. साड्यांची दुकानं, शिकवणीचे क्लास, लग्नाची कार्यालयं: त्या काळच्या रस्त्यांची इतकी नेमकी नोंद मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं नाव घातलं. प्रती दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत आहेत. आजींच्या नातवंडांना त्यांची मुलाखत दिली.

बुरशी लागलेल्या कॅसेटी अजून बाकी आहेत. काका त्या उघडून टेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणार आणि दुसऱ्या कॅसेटच्या रिकाम्या खोक्यात भरून देणार आहेत. तोवर त्या सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवल्यात. पुढचा पावसाळा लागायच्या आत त्या उतरवायच्या आहेत.