ठाण्याच्या जेलची भिंत आणि लंडनमधले कागद

मागच्या रविवारी आईशी व्हिडिओ कॉल चालू होता, तेवढ्यात खारकर आळीतल्या आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा डोकावला. आत्ताच एफवायबीएला गेलाय. म्हणाला, ताई एक विचारू का, इतिहास घेऊन तू तिकडे नक्की करतेस काय, म्हणजे नोकरी कसली असते? कॉलवर पाच मिनिटांत काय सांगणार, म्हणून इथे लिहिते, कारण हा प्रश्न मला ठाण्यातून बऱ्याच जणांनी विचारलाय.

मी इथे लंडनला युनिव्हर्सिटीत राजकारण आणि राजनैतिक संबंधांचा इतिहास शिकवते. दोन दरबार किंवा दोन सरकारं एकमेकांशी काय बोलली, कागदावर काय कबूल केलं आणि मनात काय ठेवलं, हे शोधायचं काम. वाट लांब आहे. एमए, मग पीएचडीची चार वर्षं, मग व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा, इथे ती बंद खोलीत दोन परीक्षकांसमोर होते. त्यानंतर लगेच पक्की नोकरी मिळेल असं धरून चालू नका, मी तीन वर्षं नऊ-नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर शिकवलं आणि दर उन्हाळ्यात पुढच्या भाड्याचं काय ही काळजी असायची. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावं.

पण खरं काम अर्काइव्हजमधलं, म्हणजे जुने कागद जपून ठेवतात तिथलं, आणि त्यासाठी मी अजूनही पहाटे आनंदाने उठते. लंडनच्या क्यू (Kew) भागात नॅशनल अर्काइव्हज आहे, ब्रिटिश लायब्ररीत ईस्ट इंडिया कंपनीचे आणि इंडिया ऑफिसचे, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या खात्याचे कागद आहेत. बॅग लॉकरमध्ये ठेवायची, पारदर्शक पिशवीत वही आणि पेन्सिल घेऊन आत जायचं, पेन चालत नाही. फॉरेन ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या फायली बघण्यासारख्या असतात, आलेल्या तारेवर आधी ज्युनिअर माणूस शेरा मारतो, त्याखाली त्याचा वरिष्ठ, त्याखाली आणखी वरचा, आणि एकाच पानावर सरकारचं मत कसं बदलत गेलं ते दिसतं. पूर्वी या फायली तीस वर्षांनी उघडायच्या, म्हणून १९५६ च्या सुएझ कालव्यावरून झालेल्या संघर्षाच्या कितीतरी फायली १९८७ च्या जानेवारीत वाचायला मिळाल्या. आता ती मुदत वीस वर्षांवर आणलीये.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल. पीएचडीत मी पहिल्या इंग्रज-मराठा युद्धावर एक चॅप्टर लिहिला. विषय घरचाच होता, कारण भांडण साष्टीचं होतं आणि साष्टी म्हणजे आपलं ठाणं ज्यावर आहे ते बेट. १७३७ ला मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, १७७४ च्या डिसेंबरात मुंबईकर इंग्रजांनी तो मराठ्यांकडून घेतला, पोर्तुगीज तो परत घ्यायला आरमार पाठवतायत असं कारण पुढे करून. मग सुरतचा तह, तो कलकत्त्याच्या कंपनीच्या वरिष्ठ सरकारने रद्द केला, मग पुरंदरचा, आणि शेवटी १७ मे १७८२ ला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. पण नाना फडणीसांनी या तहाला मंजुरी द्यायला कित्येक महिने लावले. मी लिहिलं की पुणे दरबार चालढकल करत होता, आणि चॅप्टर माझ्या पीएचडीच्या गाईड सरांना दिला.

सरांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं की पुण्याकडचा कागद कुठे आहे. नव्हताच. सगळ्या तळटीपा इंग्रजी पत्रांच्या होत्या, आणि वाट बघून कंटाळलेल्या माणसाच्या पत्रात समोरचा चालढकलच करताना दिसणार ना! नानांच्या बाजूने बघितलं तर म्हैसूरचा हैदरअली अजून इंग्रजांशी लढत होता, तो हातात असेपर्यंत सही लवकर करण्यात पुण्याचा काय फायदा? त्याच वर्षी डिसेंबरात हैदर वारला आणि तो आधार गेला. म्हणजे मी ज्याला आळस म्हटलं होतं तो डाव होता. हे कळल्यावर मला खूप लाज वाटली, मराठी घरातली मुलगी असून मी साहेबाच्या नजरेने पुण्याकडे बघत होते.

त्या सुट्टीत पुण्याला गेले आणि मोडी शिकले, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत आहेत ती. पहिले दोन महिने काहीच कळत नाही, लिहिणाऱ्याने हात उचललेलाच नसतो, शब्द कुठे संपला ते दिसत नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. गाठ सोडली की आधी जुन्या कागदाचा वास येतो. वकील, म्हणजे तेव्हाचे राजदूत, दुसऱ्या दरबारात बसून रोजची बातमी कळवायचे, कोण कोणाकडे गेलं, कोणाच्या फौजेचा पगार थकलाय. माझ्यासाठी क्यूच्या तारा आणि हे कागद एकाच कामाचे आहेत.

आणि आपल्या जेलची गोष्ट तर ठाण्यात सगळ्यांना माहीत पाहिजे. सेंट्रल जेल म्हणजे तोच जुना किल्ला. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्यात बोलणी करायला आले आणि १८१५ ला पंढरपुरात त्यांचा खून झाला, आरोप दुसऱ्या बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर. इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, पहाऱ्याला गोरे शिपाई, आणि १८१६ च्या सप्टेंबरात ते पळाले. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ लिहितो की किल्ल्यातल्या एका साहेबाच्या घोड्याची देखभाल करणारा मराठी मोतद्दार घोडा फिरवताना खिडकीखालून जायचा आणि निरोप गाण्यातून सांगायचा. पहारेकरी ऐकत होते, पण त्यांना मराठी येत नव्हतं. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी बाजीरावाकडून पुण्याचा तह लिहून घेतला आणि नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली.

शाळेत जाताना मी रोज त्या भिंतीजवळून गेलेय, आणि हे सगळं मला लंडनमध्ये बसून कळलं, याचं अजून वाईट वाटतं. म्हणून त्या मुलाला मी सांगितलं, इंग्रजी चांगलं कर, फारसी जमली तर उत्तम, पण आधी मोडी शीक, वय लहान आहे तोवर. जगात कंपनीचे कागद वाचणारे पुष्कळ आहेत, समोरच्या बाजूचा कागद वाचणारे फार थोडे, आणि तुला ती भाषा घरातच मिळालीये.

डिसेंबरात मी तीन आठवडे ठाण्यात आहे. कोणाच्या घरी माळ्यावर, जुन्या ट्रंकेत मोडी कागद पडले असतील, जमिनीचे, देवस्थानाचे, साधे हिशोबाचे सुद्धा, तर प्लीज रद्दीत देऊ नका. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. मी घरी येऊन वाचून देईन.